फळ्यावरची दुरुस्ती

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर ब्लेड फिरवायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही, पान तर फाडायचंच नाही. तांबड्या शाईनं एक सरळ रेघ मारायची, पण खालचं चुकलेलं अक्षर वाचता आलं पाहिजे. वर बरोबर नोंद लिहायची आणि शेजारी तारीख घालून सही करायची. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात मी कामाला लागले, तेव्हा माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. ‘चूक लपवली की नोंदवही मेली,’ असं ते म्हणायचे. मी वर्षानुवर्षं ते पाळलं, पण ते वहीपुरतंच आहे अशी माझी समजूत होती. एका साडीनं ती मोडली.

आमचं ग्रंथालय ‘ब’ वर्गातलं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी वर्गवारी आहे आणि वर्गाप्रमाणे शासनाचं अनुदान मिळतं. त्यातून पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि आम्हा तीन माणसांचा पगार भागवताना कार्यवाहांची दमछाक होते. इमारतीसाठी हातात काही उरत नाही. मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबट खोली आहे, तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी करणारी चाळीसेक मुलंमुली तिथं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसतात. बहुतेकांच्या घरी पुस्तक उघडून बसायला कोपरा नाही. त्या वर्षी पावसाळ्यात पत्रे इतके गळले की मुलं वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून अभ्यास करत होती. दिवाळीनंतरच्या सभेत ठरलं, की शंभर रुपयांची एक हजार देणगी कुपनं छापायची आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, सोडत काढून बक्षिसं द्यायची.

बक्षिसं गावातल्या व्यापाऱ्यांनीच देऊ केली. भांड्यांच्या दुकानातून मिक्सर आला, विजेच्या सामानाच्या दुकानातून इस्त्री. एका कापडदुकानदारांनी फोनवर सांगितलं, ‘पहिलं बक्षीस आमच्याकडून. पैठणी लिहून टाका.’ मी डायरीत तेवढंच टिपून ठेवलं.

कुपनाचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. छापखान्यात कागद द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो समोर घेऊन बसले. ‘प्रथम बक्षीस : पैठणी. द्वितीय बक्षीस : मिक्सर. तृतीय बक्षीस : इस्त्री.’ पैठणी हा शब्द तिथं फार एकटा वाटला. संक्रांत तोंडावर होती, रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालणार होतं आणि तिथंच कुपनं खपणार होती. बायकांचं मन कशानं हलतं हे मला ठाऊक होतं, कारण माझंही त्यानंच हलतं. मी पेन उचललं आणि त्या एका शब्दाआधी तीन शब्द जोडले : ‘येवल्याची अस्सल हातमाग’. साडी मी पाहिली नव्हती. दुकानदारांना विचारलं नव्हतं. येवला आमच्यापासून एसटीनं अडीच तासांवर. पैठणी म्हटलं की येवला आणि येवला म्हटलं की हातमाग, हे मनात आपोआप जुळलं. मजकूर कार्यवाहांनी वाचला, अध्यक्षांनी वाचून खाली सही केली. सगळ्यांना तो छान वाटला.

पुस्तकाच्या बाबतीत मी असं कधीच केलं नसतं. पुस्तक हातात आल्याशिवाय नोंद होत नाही. वेष्टनावर एक नाव आणि आतल्या शीर्षकपानावर दुसरं असेल, तर शीर्षकपान प्रमाण मानायचं. दुसरी आवृत्ती असेल तर दुसरीच लिहायची. प्रकाशकाच्या जाहिरातीवरून तर एक अक्षरही उचलायचं नाही. हे सगळं माझ्या बोटांत मुरलेलं होतं. तरीही साडीची पाळी आली तेव्हा जाहिरात मीच लिहिली.

कुपनं खपली. तिळगुळाच्या ताटाशेजारी कुपनांचं पुस्तक ठेवलं की बायका आधी बक्षिसांच्या यादीवर बोट ठेवायच्या, पहिल्या ओळीवर थांबायच्या आणि मग पर्स उघडायच्या. एकूण ८६२ कुपनं गेली, ८६,२०० रुपये जमले. त्या तीन शब्दांनी किती कुपनं खपवली ते मोजता येणार नाही. पण खपवली, यात मला शंका नाही.

एका दुपारी देवघेवीच्या टेबलापाशी एक मावशी आल्या. पाच घरी पोळ्या लाटतात. त्यांची मुलगी आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि शंभराच्या दोन नोटा ठेवल्या.

‘दोन द्या ताई. बक्षीस लागो न लागो, पोरगी कोरड्यात तर बसंल.’

मी कुपनं फाडली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, ‘अस्सल म्हणजे हातमागाचीच ना?’

‘हो मावशी. येवल्याची.’

म्हणजे जे छापलं होतं ते मी तोंडानंही सांगितलं. पुढे सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचत राहिलं ते हेच. छापील शब्दाची जबाबदारी चौघांत वाटून घेता येते. हा ‘हो’ माझा एकटीचा होता.

२७ फेब्रुवारीला सकाळी दुकानातून खोका आला, वर जरीच्या फितीची गाठ. गाठ सोडून पाहावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. कार्यक्रमात पहिलीतल्या एका मुलीनं डब्यात हात घालून चिठ्ठी काढली : ०४१७. मागच्या रांगेतून मावशी उठल्या तेव्हा अभ्यासिकेतल्या पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की अध्यक्षांना पुढचं नाव पुकारायला थांबावं लागलं. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत निकाल लिहिला : ‘प्रथम बक्षीस, येवल्याची अस्सल हातमाग पैठणी, कुपन क्रमांक ०४१७’. हा फळा गुढीपाडव्यापर्यंत पुसायचा नाही असं ठरलं होतं.

साधारण दोन आठवडे गेले. मावशींची मुलगी अभ्यासिकेत येताजाता मान खाली घालून जायला लागली. मग एका दुपारी, वाचक नसतात अशा वेळेला, मावशी तो खोका घेऊन आल्या. काही न बोलता त्यांनी साडी टेबलावर उलगडली, पदर उलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

पदराची सुलट बाजू सुंदर होती. गर्द जांभळा रंग, हिरव्या काठावर मोर. उलट्या बाजूला मात्र मोर नव्हते, कापलेल्या धाग्यांचं जंगल होतं. एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत सैल धागे गेलेले, मध्येच तुटलेले.

शेजारच्या गल्लीत लग्न होतं, तिथं मावशी ही साडी नेसून गेल्या होत्या. नवरीकडच्या कुणी पाहुण्या येवल्याकडच्या होत्या. त्यांनी कौतुकानं पदर हातात घेतला, सवयीनं उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘ही मशीनची आहे हो.’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मांडवात दहा बायका बसलेल्या होत्या.

‘मशीनची असंल तर असू दे,’ मावशी म्हणाल्या. ‘मी कधी भारी साडी नेसले नाही, मला हीसुद्धा भारीच. पण गल्लीत आता काय बोलतेत माहीतंय? फळ्यावर अस्सल लिहिलंय. ग्रंथालय खोटं कशाला लिहील? म्हणजे हिनंच अस्सल विकली आणि बाजारातनं ही आणून नेसली. पोरीच्या क्लासच्या फीला पैसे कुठनं आले, असं एकीनं तोंडावर विचारलं.’

मी निराशेची तयारी केली होती. बक्षीस कमी किमतीचं निघालं, मन खट्टू झालं, एवढं मला समजलं असतं. पण माझ्या तीन शब्दांनी या बाईला चोर ठरवलं होतं आणि ते शब्द अजून माझ्याच अक्षरात बाहेर फळ्यावर होते. आमच्यावर लोकांचा विश्वास होता, म्हणून तिच्यावर संशय आला.

खात्री करून घ्यायची म्हणून मी कपाटाकडे गेले. ७४६ खाली वस्त्रकलेची चार पुस्तकं आहेत, ६७७ खाली कापडनिर्मितीची दोन. मी वाचत होते, मावशी स्टुलावर बसून ऐकत होत्या. रेशमाचा धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. पदराच्या दशांतला एक धागा मावशींनीच ओढून काढला आणि मी काडी पेटवली. धागा आक्रसला, वितळला, काळा थेंब झाला. थंड झाल्यावर मावशींनी तो दोन बोटांत दाबून पाहिला. चुरडला नाही.

‘असू द्या ताई,’ त्याच मला म्हणाल्या.

संध्याकाळी मी दुकानदारांकडे गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘मी पैठणी म्हणालो होतो. हातमाग मी कुठं म्हणालो? आमच्या धंद्यात हिला पैठणीच म्हणतात, गिऱ्हाईकही तेच मागतं. अडीच हजाराची साडी दिली आहे, फुकट.’ मी घरी येऊन डायरी काढली. माझ्याच हातानं लिहिलेलं होतं : ‘प्रथम बक्षीस, पैठणी.’ पुढे काही नव्हतं. यंत्रमागाच्या साडीला नुसतं पैठणी म्हणावं का, यावर त्यांच्याशी वाद घालता आला असता. पण ‘अस्सल’ हा शब्द त्यांचा नव्हता आणि तो त्यांच्या माथी मारून मला सुटका मिळणार नव्हती.

पुढच्या रविवारी मी येवल्याची एसटी धरली. मी लोकांना काय कबूल केलं होतं, ते एकदा डोळ्यांनी पाहावं असं वाटलं. येवल्यात आणि नागड्यासारख्या आसपासच्या गावांत घरातच माग असतात. एका घरी पती-पत्नी दोघं विणतात, तिथं मला बसू दिलं. ताई मागावर होत्या, पदर चालू होता. साडीच्या अंगात तीन धोटे फिरतात, एक मधल्या भागाचा आणि दोन काठांचे. पदर आला की मात्र धोट्याचं काम संपतं. प्रत्येक रंगाची वेगळी बारीक तिल्ली असते, आणि पानाची हिरवी, चोचीची तांबडी, डोळ्याची काळी अशा कितीतरी तिल्ल्या ताण्यावर ओळीनं लोंबत होत्या. ताई ताण्याचे धागे बोटांनी मोजत, त्यांच्यातून तिल्ली घालत आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत आणत. रेशीम बंगळुरूकडचं, जर सुरतेची, असं त्या हात न थांबवता सांगत होत्या. मी तासभर बसले होते. तेवढ्यात एका मुनियेची मान पुरी झाली.

मी विचारलं, ‘उलटी बाजू कशी दिसते?’

त्यांनी हात थांबवला. मला वाटतं, प्रश्न त्यांना आधी कळलाच नाही. मग त्या म्हणाल्या, ‘याला उलटी बाजू नसते ताई. दोन्हीकडनं मुनियाच.’ आणि विणलेला पदर खालून दाखवला. खरंच दोन्हीकडून मुनियाच होती. धागा कुठंही लोंबत नव्हता, कारण कुठंही तो एका नक्षीकडून दुसरीकडे उडी मारून गेलेला नव्हता. जिथला रंग तिथंच वळला होता.

मी त्यांना आमच्या सोडतीची गोष्ट सांगितली. ताईंचे यजमान शांतपणे ऐकत होते. त्यांनी आतून एक साडी आणून तिच्यावरच्या खुणा दाखवल्या : रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. काही प्रकारच्या साड्या हातमागासाठीच राखून ठेवणारा कायदाही १९८५ चा आहे. ‘खुणा आहेत, कायदा आहे,’ ते म्हणाले, ‘पण गिऱ्हाईक शब्द ऐकून घेतं. अडीच हजाराच्या साडीला कुणी हातमाग म्हटलं, की आमच्या चौदा हजाराला लोक लूट म्हणतात. मशीनच्या साडीवर आमचा राग नाही. तिनं आपलं नाव सांगावं.’

परतीच्या बसमध्ये मी तो हिशोब करत होते. चुकीच्या वर्णनानं एका बाईचं नुकसान झालं असं मी समजत होते. दोघींचं झालं होतं. ज्या बाईला साडी मिळाली, तिच्यावर चोरीचा आळ आला. आणि जिच्या महिन्याच्या बैठकीचं नाव मी एका ओळीत उचलून दुसऱ्याच कापडावर चिकटवलं, तिच्या कामाची किंमत मी उतरवली. मला दोघींचंही काही घ्यायचं नव्हतं. मला फक्त कुपन चांगलं दिसायला हवं होतं.

कार्यकारी मंडळाची सभा बोलावली. मी डायरी, कुपन आणि साडी टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं. खजिनदार आधी हसले, मग म्हणाले, ‘अहो, दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात. शंभर रुपयांत अडीच हजाराची साडी मिळाली, अजून काय हवं?’

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा नीट विचार केला. गाय कुणी कुणाला दिली होती? दुकानदारांनी साडी दिली ती ग्रंथालयाला. त्या साडीचे दात मोजायचे नाहीत हे ग्रंथालयासाठी ठीक. पण मावशींनी काही दान घेतलं नव्हतं. पाच घरच्या पोळ्यांतून साठवलेले दोनशे रुपये त्यांनी दिले होते. देणाऱ्या त्या होत्या, घेणारे आम्ही. ज्या ८६२ कुपनांवर पत्रे येणार होते, त्यांतली दोन त्यांची होती. देणगीदाराला आम्ही लिहून दिलं होतं, की तुमचा नंबर लागला तर अमुक वस्तू देऊ. ते लिहिलेलं पाळणं हा आमचा मोठेपणा नव्हता. तो व्यवहार होता आणि धर्मादाय कामातला व्यवहार जास्त चोख हवा, कारण तिथं माणसं पावती तपासत नाहीत.

मी हे बोलले. खजिनदार गप्प झाले, पण मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो खरा होता. ‘मान्य. मग काय करायचं? पत्र्यांचा ठेका ८१,००० चा ठरला आहे. येवल्याची साडी चौदा हजारांची. पत्र्यासाठी लोकांनी दिलेल्या पैशांतून साडी आणायची का?’

याचं सोपं उत्तर नव्हतं आणि आजही माझ्याकडे नाही. पैसा पत्र्यासाठी गोळा केला होता, हे खरं. तो पैसा गोळा झाला त्यात त्या तीन शब्दांचा वाटा होता, हेही खरं. कुणी म्हणालं, मावशींचे दोनशे रुपये परत द्या. त्यानं सगळ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, साडी मी आणते, माझ्या पगारातून दर महिन्याला थोडे देईन. तेही कुणाला पटलं नाही. शेवटी ठरलं, की मावशींनाच विचारायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं. पगारातून साडी आणण्याचं ऐकताच त्या कडक आवाजात म्हणाल्या, ‘तुमच्या पोटातली साडी मी नेसू? आणि पत्र्याच्या पैशाला हात लावाल तर माझ्या पोरीच्याच डोक्यावर गळंल. मला दुसरी साडी नको. ते फळ्यावरचं नीट करा.’

‘पुसून टाकते आजच.’

‘पुसू नका. पुसलं तर काय होतं ते कुणाला कळायचं नाही. लोकं म्हणतील हिनं भांडून पुसायला लावलं. लिहा, काय झालं ते.’

मला माझे जुने ग्रंथपाल आठवले. खालचं चुकलेलं अक्षर वाचता आलं पाहिजे.

मंडळात याला सर्वांत मोठा विरोध झाला. पैसे देण्याला झाला असता त्याहून मोठा. संस्थेची अब्रू जाईल, पुन्हा कुणी देणगी देणार नाही, दुकानदार दुखावतील, तपासणीला आलेल्या साहेबांनी वाचलं तर काय म्हणतील. अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, बराच वेळ ऐकत होते. त्यांनी कुपन उचललं, चष्मा वर करून मजकूर वाचला आणि म्हणाले, ‘याच्याखाली सही माझी आहे. साडी मीही पाहिली नव्हती. तुम्ही लिहा, खाली दोघं सही करू.’ सभा तिथंच संपली.

मार्चची सकाळ होती, अभ्यासिकेतली मुलं हातपाय मोकळे करायला व्हरांड्यात आली होती. मी तांबडा खडू घेऊन ‘येवल्याची अस्सल हातमाग पैठणी’ या चार शब्दांवरून एक सरळ रेघ ओढली. वर लिहिलं : ‘पैठणीच्या नक्षीची यंत्रमागावरची साडी’. खाली लिहिलं : ‘कुपनावरचं वर्णन ग्रंथालयानं साडी न पाहता छापलं होतं. सोडतीत दिलेली साडी हीच आहे, विजेत्यांनी ती बदललेली नाही. देणगीदारांनीही ती हातमागाची असल्याचं सांगितलं नव्हतं. चूक ग्रंथालयाची आहे. ज्यांना कुपनाचे पैसे परत हवे असतील त्यांना ते मिळतील.’ तारीख घातली. मी सही केली, मग अध्यक्षांनी केली. खडू धरलेला माझा हात कापत होता, कारण मागे मुलं वाचत होती आणि कुणीच बोलत नव्हतं.

त्या संध्याकाळी मावशी गल्लीतल्या दोघी-तिघींना घेऊन आल्या. त्यांना स्वतःला वाचता येतं, तरी त्यांनी शेजारणीला मोठ्यानं वाचायला लावलं. त्या स्वतः पायरीशी उभ्या होत्या, हातात पीठ लागलेली पिशवी. वाचून झाल्यावर शेजारीण काही बोलली नाही. मावशीही बोलल्या नाहीत. दोघी बरोबरच परत गेल्या.

पैसे परत मागायला तीन माणसं आली. त्यांना दिले. दुकानदारांनी त्या वर्षी आमच्या वार्षिक अहवालाला जाहिरात दिली नाही आणि मला त्यांचं वाईट वाटलं, कारण त्यांनी दिलेली भेट प्रामाणिक होती. पत्रे एप्रिलमध्ये बसले. खजिनदारांनी उरलेल्या पैशांत दोन पंखेही बसवून घेतले.

पुढच्या वर्षी सोडत काढली नाही. हिशोब तपासनीसांनी लक्षात आणून दिलं, की राज्य सरकारनं मंजूर न केलेली सोडत पैसे घेऊन चालवणं कायद्यातच बसत नाही, मग उद्देश कितीही चांगला असो. साडी पाहायचं जसं आम्हाला सुचलं नव्हतं, तसं हेही कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. चांगल्या कामाच्या भरात माणूस विचारणं सोडून देतो, हे मी त्या वर्षात दोनदा शिकले. आता आम्ही सरळ देणगी मागतो आणि पावती देतो. रक्कम कमी जमते. पण पावतीवर लिहिलेलं असतं तेवढंच आम्ही दिलेलं असतं.

एक वही मात्र मी नव्यानं सुरू केली, भेट आलेल्या वस्तूंची. खुर्ची असो, घड्याळ असो की कपाट. तिच्यात देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचा एक रकाना आहे आणि शेजारी दुसरा : ‘वस्तू कुणी पाहिली’. तो रिकामा असेल तर त्या वस्तूचं वर्णन कुठंही छापायचं नाही. वहीच्या पहिल्या पानावर ०४१७ क्रमांकाचं कुपन चिकटवलं आहे.

मावशींनी साडी ठेवून घेतली. गेल्या पाडव्याला ग्रंथालयाच्या गुढीला त्या ती नेसून आल्या. जांभळा रंग त्यांना शोभतो. अभ्यासिकेत नव्यानं आलेल्या एका मुलीच्या आईनं काठावर हात फिरवत विचारलं, ‘पैठणी का हो?’

मावशींनी पदर उलटा करून तिच्यापुढे धरला.

‘नाही, मशीनची,’ त्या म्हणाल्या. ‘बक्षीस लागलंय मला.’